विमानात चढलात, आता आळीतून उतरा

घणसोली गावातल्या पोरांच्या हातात पासपोर्ट आले, याचा मला मनापासून आनंद आहे. आणि तो पासपोर्ट घेऊन ती परदेशात जे करतात, त्याचा तितकाच राग आहे. आज दोन्ही लिहितो.

एकाच आळीतले दहा-बारा जण निघतात. तिकिटं एका विमानाची, खोल्या एका मजल्यावर. सकाळी अकरापर्यंत झोप, मग पंजाबी हॉटेलचा शोध, संध्याकाळी पट्टायाचा वॉकिंग स्ट्रीट आणि रात्री खोलीत बसून त्याच गप्पा: कुणाची इमारत पुनर्विकासाला गेली, कुणाचा भूखंड बिल्डरने घेतला, पालिकेच्या तिकिटासाठी कोण कुणाच्या मागे लागलंय. पाच दिवसांनी सगळे परत. पासपोर्टवर शिक्का बसलेला असतो, पण त्या देशातल्या एकाही माणसाशी धड दहा वाक्यं बोलणं झालेलं नसतं. जो पोरगा आठवडाभर फक्त आपल्या आळीशी बोलला, तो आळीतच होता.

मौजमजेला माझा विरोध नाही. पैसा कुणाच्या बापाचा, असंही मी विचारत नाही, कारण तो कुणाच्या बापाचा आणि आजाचा आहे हे गावाला पाठ आहे. १९७० मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनींवर बोट ठेवलं गेलं. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीकडे जायच्या वाटा गेल्या. १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जासई आणि दास्तान फाट्यावर पाच जणांनी जीव दिला, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड पदरात पडला. त्या भूखंडावर इमारत उभी राहिली, इमारतीचं भाडं आलं, आणि त्या भाड्यातून आज नातवाचं विमानाचं तिकीट निघतं. इतक्या महाग पडलेल्या पैशातून निघालेला प्रवास हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळण्यात जावा, हे मला सहन होत नाही.

यावर माझं सांगणं सोपं आहे. हॉटेल सोडा, हॉस्टेलात उतरा. ट्रॉलीबॅग घरी ठेवा, पाठीवर मावेल एवढंच घ्या. दहाचे दोन व्हा. आणि ज्या खोलीत झोपाल, तिथे बाकीच्या कॉटवर अनोळखी माणसं असू द्या.

गावातल्या कुणाला ही कल्पना विचित्र वाटत असेल, तर त्याने आपल्याच इमारतीचा दुसरा मजला जाऊन बघावा. घणसोली गाव गेली कित्येक वर्षं कॉट बेसिसवर चाललं आहे. एका खोलीत सहा कॉट, सहा कपाटं, एक मोरी, बाहेर चपलांचा ढीग. कुणी जालन्याचा, कुणी यवतमाळचा, कुणी बिहारचा, कुणी केरळचा. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कामाला जाणारे, आयटीच्या रात्रपाळीवरून सकाळी परतणारे. अनोळखी माणसं एका खोलीत कशी राहतात, कुणाचं दूध कुणी प्यायलं म्हणून कसं वाजतं आणि मिटतं, हे घरमालक म्हणून आपण रोज पाहतो. परदेशातलं बॅकपॅकर हॉस्टेल म्हणजे हेच. वर-खाली पलंग, प्रत्येकाला एक पडदा, उशापाशी एक दिवा आणि चार्जिंगचा प्लग, खाली लोखंडी पेटी. पेटीला कुलूप स्वतःचं न्यायचं. दारात पादत्राणं काढायची. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डब्यावर नाव आणि जायची तारीख लिहायची, नाहीतर तो डबा सगळ्यांचा. रात्री दहा-अकरानंतर खोलीत आवाज नाही, बोलायचं असेल तर बाहेरच्या बैठकीत. थायलंड-व्हिएतनाममध्ये अशी कॉट दिवसाला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते.

आणि आपल्याला जमणार नाही, असं तर कुणी म्हणूच नये. चैत्रात एकवीरेच्या पालखीबरोबर कार्ल्यापर्यंत चालत जाणारी पोरं आहेत आपली. पाठीवर पिशवी, रात्री मिळेल त्या देवळात, मिळेल त्या शाळेत पथारी, शेजारी कुठल्या गावचा माणूस घोरतोय हेही माहीत नाही. तिथे कुणी एसी मागत नाही. मग तोच पोरगा विमानातून उतरल्यावर जकुझीची चौकशी का करतो?

बरं, दारंही उघडली आहेत. नेपाळला आपल्याला व्हिसा कधीच लागत नव्हता. २०२३ च्या ऑगस्टपासून व्हिएतनाम ९० दिवसांचा ई-व्हिसा घरबसल्या देतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात थायलंडने आणि डिसेंबरात मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय आत घ्यायला सुरुवात केली. दिवसांची मुदत आणि अटी मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या देशाच्या वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः वाचा. मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. आता तर उलव्याला विमानतळ झाला, २०२५ च्या डिसेंबरात तिथून पहिली प्रवासी विमानं उडाली.

युरोपचं मात्र वेगळं आहे, आणि त्याची मला चीड आहे. शेंगेन व्हिसाचे ९० युरो आधी भरायचे, बँकेचे काही महिन्यांचे हिशेब द्यायचे, पगाराची स्लिप द्यायची, परतीचं तिकीट दाखवायचं. इतकं करून नकार आला तर पैसे बुडाले. बावीस वर्षांचा, घरच्या भाड्यावर जगणारा, पगाराची स्लिप नसलेला घणसोलीचा पोरगा त्यांना संशयित वाटतो. त्याच वयाची, तितकीच कमावती किंवा तितकीच बेकार जर्मन मुलगी जपानमध्ये नुसता पासपोर्ट दाखवून शिरते. जगात फिरण्याचा हक्क जन्माच्या दाखल्यावर वाटला गेला आहे, आणि हा उघड अन्याय आहे. पण हॉस्टेलच्या खोलीत ती वरच्या पलंगावर असते आणि तुम्ही खालच्या. भाडं दोघांना सारखंच. तिथे तिला हे सांगा. मी सांगितलं आहे. त्या बिचाऱ्यांना खरोखर माहीत नसतं, आणि कळल्यावर त्यांना लाज वाटते.

सहप्रवासी म्हणजे नुसती सोबत नव्हे. मलेशियातल्या पिनांग बेटावर, जॉर्ज टाउनच्या एका हॉस्टेलातली संध्याकाळ सांगतो. सामायिक स्वयंपाकघर. तिथल्या मलाय स्वयंपाकीणबाईंनी तव्यावर एक काळपट-जांभळी वडी भाजायला घेतली आणि सगळ्या मजल्यावर वास पसरला. एक डच पोरगा धावत खिडकी उघडायला गेला. पुण्यात नोकरी करणारा परभणीचा एकजण नाकाला रुमाल लावून बाहेर पडला. मी आणि फिलिपिन्सची एक नर्स, आम्ही दोघंच तव्याकडे सरकलो. तो आपल्या सुक्या जवळ्याचाच भाऊबंद होता. बारीक कोळंबी मिठात मुरवून, कुटून, उन्हात वाळवून तिची वडी करतात, तिला ते बेलाचान म्हणतात. लाल मिरचीबरोबर पाट्यावर वाटून लिंबू पिळलं की झाली चटणी. थायलंडमध्येही हीच गोष्ट कापी नावाने घराघरात असते. नर्सबाईंच्या गावी पण हेच, थोडं ओलसर.

मग ताटात मासा आला. अख्खा, वाफवलेला, वर आलं-लसूण आणि लिंबाचा रस. मी पहिल्याच घासाला ओळखला: जिताडा. जावयाच्या घरी पाठवावा इतक्या मानाचा आपला मासा. खाडीच्या गोड्या-खाऱ्या पाण्यात वाढणारा, पेण-अलिबागच्या तळ्यांत जपला जाणारा. तो तिथे साध्या खानावळीत मिळतो, थायलंडात तर तो पाळतात आणि लिंबाच्या रश्श्यात वाफवून रोज विकतात. पट्टायाला जाऊन दाल मखनी मागवणाऱ्या आगऱ्याच्या पोराला हे कुणी सांगितलं आहे का? हजारो किलोमीटर जाऊन तुम्ही तुमच्याच खाडीच्या नातेवाइकांच्या दारात उभे आहात आणि पंजाबी ढाबा शोधताय!

पण मासा हा त्या संध्याकाळचा खरा विषय नव्हता. त्या बाई मासेमारांच्या घरच्या. पिनांगच्या दक्षिण किनाऱ्याला समुद्रात भराव घालून नवं बेट उभारायचा सरकारी प्रकल्प आहे. तिथल्या कोळ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तरी २०२३ मध्ये भरावाचं काम सुरू झालं. कोळंबीची जागा तीच, जाळी टाकायची जागा तीच. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं झालं का? मी त्यांना खाडी सांगितली. मिठागरं सांगितली, खारफुटी सांगितली, निवटी पकडायला चिखलात उतरणारी माणसं सांगितली, सिडको सांगितली, जासई सांगितली. साडेबारा टक्के म्हणजे काय हे समजावताना माझं इंग्रजी अपुरं पडलं, तर परभणीचा तो रुमालवाला परत आला आणि त्याने कागदावर चौकोन काढून दाखवला. डच पोरगा म्हणाला, आमच्या देशाचा बराच भाग समुद्र हटवूनच बनला आहे, पण त्यात कुणाची जाळी गेली हे मला शाळेत शिकवलं नाही. रात्री उशिरापर्यंत आम्ही बसलो. भरपाई किती, होडीला किती, जाळ्याला किती, पुढच्या पिढीचं काय, असे प्रश्न बाईंनी एकामागून एक विचारले. त्या प्रश्नांची उत्तरं जगात ज्या थोड्या लोकांकडे आहेत, त्यांत घणसोलीचा कुठलाही पन्नाशीचा माणूस येतो. इतकं आपल्याकडे सांगण्यासारखं आहे आणि आपण ते हॉटेलच्या खोलीत एकमेकांनाच ऐकवत बसतो.

अशा एकत्र राहण्याला शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाने विद्यार्थ्यांची सहल नेली असताना वादळात एका शाळेत आसरा घेतला, तेव्हा सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांना झोपू द्यावं असं त्याच्या मनात आलं. ते १९०९ साल. तीनेक वर्षांत आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उघडलं. भारतात ही चळवळ १९४९ मध्ये म्हैसूरला रुजली, आणि मराठी घरांत तर युथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकला जाऊन तंबूत अनोळखी पाच-सात जणांबरोबर झोपलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्याच्याही आधी, १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलींवर जग फिरायला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. इराणचं वाळवंट, ॲमेझॉनचं जंगल, कोरिया, बर्मा. वाटेत कुठे रात्र काढायची ते वाटेतला माणूस ठरवत होता. खाडीच्या पलीकडच्या तीरावरची पोरं होती ही.

आता कान उपटायचं काम. आईबाप जे ऐकायला उत्सुक असतात ते.

परदेशात भेटलेला प्रत्येक सोबती सज्जन नसतो. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, महिना लाखभर, राहणं-खाणं फुकट, असं कुणी सांगितलं तर त्याच क्षणी तिथून उठा. अशा आमिषाने भारतातली शेकडो पोरं थायलंडमार्गे म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांत नेली गेली, पासपोर्ट काढून घेतले गेले, मार खाऊन लोकांना फसवायला बसवली गेली. २०२५ च्या मार्चमध्ये वायुसेनेच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या माए सोतहून परत आणलं. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. दुसरं: कुणाचीही बॅग, कुणाचंही पाकीट, "घरी भाऊ येईल घ्यायला" म्हणून दिलेला कुठलाही डबा आणायचा नाही. बँकॉकहून मुंबईत गांजा आणणारे प्रवासी विमानतळावर सतत पकडले जात आहेत. माल व्यावसायिक प्रमाणात असला तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात किमान दहा वर्षं कैद आहे, आणि मला माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही. तिसरं: बेटावर स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर आधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा; एक हजार रुपये शुल्क आहे, वर्षभर चालतो. तो कोणत्या देशात मानतात तेही बघा. परवाना ग्राह्य नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते आणि इस्पितळाचं बिल घरचे भरतात. गावात हेल्मेटशिवाय फिरायची सवय विमानतळावरच सोडा.

यापेक्षाही कडक शब्द मला वागण्याबद्दल वापरायचे आहेत. कारण हे गाव दुसऱ्या बाजूलाही उभं आहे. आपल्या गावठाणातून रात्री दोनला सायलेन्सर काढलेली बाइक जाते तेव्हा म्हाताऱ्या माणसांचं काय होतं, हे आपल्याला कळतं. बाहेरून आलेला भाडेकरू गॅलरीतून बाटली फेकतो तेव्हा आपण चिडतो. मग हनोईच्या जुन्या वस्तीत, जॉर्ज टाउनच्या गल्लीत, पोखऱ्याच्या तळ्याकाठी आपलं ब्लूटूथ स्पीकरवरचं डीजे गाणं कशासाठी? तिथेही कुणाची तरी आजी झोपलेली असते. हनोईत घरांच्या मधून जाणाऱ्या रुळांवर फोटो काढायला इतकी गर्दी झाली की २०१९ मध्ये तिथली कॉफीची दुकानं बंद करायचा आदेश निघाला. थायलंडच्या माया बेची प्रवाळं बोटींच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी मेली, म्हणून २०१८ पासून २०२२ पर्यंत तो किनारा पूर्ण बंद ठेवावा लागला. २०२४ च्या जुलैत बार्सिलोनाच्या रहिवाशांनी हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. मी त्या रहिवाशांच्या बाजूचा आहे. घणसोली गावात जन्मलेल्या माणसाने त्यांच्याच बाजूचं असलं पाहिजे. गोव्यात हणजुण्याने काय भोगलं ते शेजारी राहून आपण पाहिलं आहे: आधी पाठपिशवीवाले घरात भाड्याने राहिले, जेवले, यजमानाला चार पैसे मिळाले, मग संगीत पहाटेपर्यंत गेलं आणि गाववाल्यांना झोपेसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

म्हणून पोरांनो, दुसऱ्याच्या गावठाणात पाहुण्यासारखे राहा. पाव किलो फळं घ्या, पण गावातल्या बाईकडून घ्या. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. देवळात गुडघे झाकून जा, बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका. मसाजच्या दुकानातल्या मुलीला तुमच्या बहिणीइतकाच मान आहे, ती तिची नोकरी करते आहे. हे लिहावं लागतं याचं दुःख आहे, पण लिहावं लागतं.

आणि शेवटचा मुद्दा गावातल्या पोरांसाठी नाही, त्यांच्या आईबापांसाठी आहे.

इतका वेळ मी पोरं-पोरं म्हणत आलो, कारण जातात ती पोरंच. बारा पोरांचं टोळकं पट्टायाला निघालं तर घरचे हौसेने सोडायला जातात. मुलगी म्हणाली, मी आणि माझी मैत्रीण व्हिएतनामला जातो, की घरात बैठक बसते. "एकली पोर परदेशान? लोकं काय बोलतील?" तीच मुलगी रोज रात्री नऊची लोकल पकडून ठाण्याहून घणसोलीला येते, स्टेशनपासून गावात चालत येते, कंपनीत दहा माणसांचं काम सांभाळते. तिच्या अक्कलहुशारीवर घराचा हप्ता चालतो, पण तिच्या सुट्टीवर भरवसा नाही! बऱ्याच बॅकपॅकर हॉस्टेलांत मुलींच्या वेगळ्या खोल्या असतात, दाराला कार्डाचं कुलूप असतं, काउंटरवर रात्रभर माणूस असतो. व्हिएतनाममधल्या होई आनच्या अशा खोलीत मी नव्हतो आणि असूही शकत नाही. पण तिथून आलेल्या मराठी मुली मला भेटल्या आहेत, एक सांगलीची, एक डोंबिवलीची, एक अकोल्याची. तिघी तिथेच एकमेकींना भेटल्या, पुढचा प्रवास एकत्र केला, आणि आज एकमेकींच्या घरच्या कार्याला जातात. आळीतल्या टोळक्याला परदेशातून असं एक तरी नवं घर जोडता आलं आहे का?

त्यामुळे येत्या सुट्टीआधी हे करा. मुलगी अठरा पूर्ण असेल तर तिचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर तिच्याबरोबर बसून भरा, पोलीस पडताळणीला शिपाई घरी आला तर दारात आजोबांनी स्वतः उभं राहून "हो, आमचीच नात" म्हणावं. छत्तीस पानांच्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो.